माळव्याच्या भूमीची साक्ष

होळकर राजवटीत १८८६ ते १९२१ या काळात उभारलेला इंदूरचा लालबाग राजवाडा एका राजघराण्याच्या वैभवाची साक्ष देतो. परंतु ज्या पठारावर तो उभा आहे, त्या भूमीचे दफ्तर मानवी इतिहासाहून कितीतरी पुरातन आहे. शेजारच्या धार जिल्ह्यात बाघ परिसरातील खालच्या थरांत सागरी जीवांचे जीवाश्म सापडतात. त्यांच्या वरच्या लमेटा थरांतील डायनासोरांची ९२ घरटी व २५६ अंडी यांचा वृत्तांत संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. त्यांवर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आच्छादन आहे. आणि अरुण सोनकिया यांना १९८२ साली हथनोरा येथे मिळालेली मानवी कवटी मात्र नर्मदेच्या, तुलनेने अर्वाचीन निक्षेपातली आहे. न उलथलेल्या थरांत जीवाश्मांचा हा क्रम जगात कोठेही उलटलेला आढळत नाही, आणि उत्क्रांतीच्या सिद्धांताचे बळ अशाच पुराव्यात आहे. पहिला सजीव नेमका कसा उद्भवला, हा प्रश्न अद्याप संशोधनाधीन असला, तरी तेवढ्यावरून उत्क्रांतीच अमान्य करणे तर्काला धरून नाही.

असे असता २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या (एनसीईआरटी) दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचे विवेचन वगळले गेले. पुढे जीवशास्त्र न घेणारा विद्यार्थी त्यास कायमचा मुकतो, ही हानी क्षुल्लक नव्हे. ते विवेचन पूर्ववत समाविष्ट व्हावे, आणि लालबागेच्या एखाद्या दालनात या जीवाश्मांची क्रमवार मांडणी सरकारने सत्वर करावी.