आमच्या स्टेजवर हसायला बंदी आहे काय?

यंदाच्या जयंतीला आम्ही आमच्या वस्तीत वीस मिनिटांचे एक विनोदी नाटुकले केले. पात्रे तीन, खुर्च्या दोन, पडदा नाही, सेट नाही. एक पोरगा शहरात भाड्याने खोली बघायला जातो. घरमालकाला त्याची जात हवी असते, पण तोंडाने विचारायची लाज वाटते. मग तो गाव विचारतो, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारतो, मामाचे आडनाव विचारतो, भिंतीवर फोटो कुणाचे लावणार तेही विचारतो. पोरगा प्रत्येक प्रश्नाला शांतपणे उत्तर देतो, पण याला हवे ते काही सापडत नाही. शेवटी घरमालकच घामाघूम होतो आणि आतून त्याची बायको ओरडते, "अहो, जातच विचारून टाका ना एकदाची!" वस्ती पोट धरून हसली.

हशा ओसरला तसे समितीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठले आणि माईकवरूनच म्हणाले, "बाबासाहेबांच्या स्टेजवर असला तमाशा पुन्हा नको. इथं प्रबोधन होतं, टवाळकी नाही."

या दादांनी नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्ल्या आहेत. त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे आणि म्हणूनच त्यांना उत्तर दिले पाहिजे. कारण हे मत त्यांच्या एकट्याचे नाही. विनोद म्हणजे उथळपणा आणि छोटे नाटक म्हणजे टाइमपास, असे आपल्या चळवळीत अनेकांना वाटते. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. हसवणारे छोटे नाटक ही आपल्या चळवळीची जुनी कमाई आहे आणि ती आपणच अडगळीत टाकली आहे.

सुरुवात जोतिरावांपासून करू. 1855 साली त्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, ही त्याची गोष्ट. या नाटकात एक विदूषक आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा खादाड ब्राह्मण मित्र असायचा. जोतिरावांनी त्याला वेगळ्या कामाला लावले. तो मध्येमध्ये येतो आणि जोशीबुवांची लबाडी प्रेक्षकांपुढे उघडी करतो. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले. ही नुसती टवाळकी असती, तर कमिटीला त्याचा एवढा त्रास का झाला असता?

पुढे सत्यशोधक जलसे आले आणि 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. त्यांनी तमाशाचा ढाचा घेतला, पण त्यातले शृंगाराचे चाळे आणि गवळणींची छेडछाड टाकून दिली. सवाल-जवाब, बतावणी आणि नकला मात्र ठेवल्या. काय टाकायचे आणि काय ठेवायचे हे त्यांना पक्के कळत होते. अक्षरओळख नसलेल्या माणसाला पाणवठ्याचा आणि मंदिरप्रवेशाचा प्रश्न त्या हसण्यातून कळला. जलशाचे मोल बाबासाहेब जाणून होते, हे आपण भाषणात अभिमानाने सांगतो. मग त्याच जलशाचा नातू स्टेजवर आला की त्याला खाली का उतरवतो?

'तमाशा' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, याचाही विचार व्हावा. ज्या कलेवर आपल्याच जातींतल्या शेकडो कलावंतांनी हयात घालवली, तिचे नाव शिवी कुणी केले? पांढरपेशांनी केले, आणि शिकलेल्या आपण ते मुकाट्याने उचलले. बाईच्या शरीराचा बाजार नाकारणे बरोबरच आहे. पण सोंगाड्याची जीभ नाकारायचे काय कारण?

दुसरा आक्षेप असा की आजच्या पोरांचे लक्ष टिकत नाही, म्हणून त्यांना हे छोटे-छोटे लागते. हे खोटे आहे. हीच पोरे अभ्यासिकेत दिवसाला आठ-दहा तास बसतात. छोटे नाटक त्यांना आवडते कारण ते त्यांच्या ऐपतीत बसते. त्याला थिएटरचे भाडे लागत नाही, ओळख लागत नाही, 'शुद्ध' बोलीही लागत नाही. कामावरून आल्यावर रात्री विहाराच्या ओट्यावर तालीम करता येते. आणि दिवसभर चार घरची धुणीभांडी करून आलेली आई तीन तासांच्या भाषणात पेंगते, पण वीस मिनिटे डोळे उघडे ठेवून बसते. तिला प्रबोधन नको आहे असे नाही. तिला तिच्यावरचे भाषण नको आहे.

शिवाय विनोदाचे एक काम भाषणाला जमत नाही. भाषण ऐकताना समोरचा मनात वाद घालतो. नाटकात तो आधी हसतो, आणि ज्या क्षणी हसतो त्या क्षणी त्याने कबूल केलेले असते की हो, असेच घडते. प्रेमानंद गज्वी यांनी 'घोटभर पाणी' या एकांकिकेत दोनच पात्रांत पाण्याचा प्रश्न उभा केला. 2012 साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आले. ते मोठे नाटक, पण बीज सोंगाचेच. यम शिवरायांना न्यायला येतो तेव्हा राजांच्या पगडीतले विचार मागे राहतात, या एका गमतीवर राजकुमार तांगडे यांनी शिवरायांवरची धर्मांधांची मालकी हसत-हसत खोडून काढली. जालन्याकडची खेड्यातली पोरे ते नाटक करत होती.

आता दुसरी बाजू बघा. फेब्रुवारी 2023 मध्ये बंगळुरूतल्या एका खासगी संस्थेच्या महोत्सवात विद्यार्थ्यांनी असेच एक छोटे विनोदी स्किट केले. त्यात बाबासाहेबांच्या नावावर कोटी होती, आरक्षणाची आणि दलित तरुणाची टिंगल होती. तक्रारी झाल्या, त्यातली एक नांदेडहून गेली. अटका झाल्या. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला. तक्रार करणे बरोबरच होते. पण त्यातून आम्ही एक धडा घेतला. विनोदाची ताकद त्यांना नीट ठाऊक आहे, ती विसरलो आहोत आपण. टीव्हीवर काळ्या रंगावर, गावठी बोलीवर, मोलकरणीवर आणि साडी नेसलेल्या पुरुषावर रोज हसवले जाते. ते हसे आपल्या घरात, आपल्या रिमोटने येते आणि आपल्याच पोरांना स्वतःची लाज वाटायला शिकवते. आपण स्टेज मोकळे सोडले की ते मोकळे राहत नाही.

म्हणून कसोटी एकच ठेवावी. हशा कुणावर आहे? खालच्यावर असेल तर ते नाटक आपले नाही, मग ते आपल्या पोरांनी केलेले असो. वरच्यावर असेल तर ते प्रबोधनच आहे.

आणि स्वतःवर? स्वतःवरही हसलेच पाहिजे. एका वस्तीत जयंतीच्या तीन समित्या, तीन पावती पुस्तके आणि तीन डीजे हा विनोद नाही काय? स्टेजवर सावित्रीमाईंचे नाव घेऊन घरी बायकोला बैठकीत बसू न देणारा कार्यकर्ता हे सोंग नाही काय? खरे सांगायचे तर आमच्या पुढच्या नाटुकल्याचा विषय हाच आहे, आणि दादांच्या रागाचे थोडे कारण तेच असावे अशी आम्हाला शंका आहे.

त्या रात्री खुर्च्या उचलताना नर्सिंगला असलेली एक मुलगी आमच्याकडे आली. हॉस्टेलच्या मेसमध्ये तिचे ताट वेगळे कसे ठेवतात, हे तिने घरीसुद्धा कधी सांगितले नव्हते. ती म्हणाली, "त्या घरमालकावर सगळे हसले ना, तेव्हा वाटलं, लाज त्याची आहे, माझी नाही. माझंही नाटक करायचं?"

दादा, तुमच्या तीस वर्षांच्या भाषणांनी आम्हाला उभे केले, हे आम्ही विसरणार नाही. पण हे वाक्य त्या पोरीच्या तोंडून वीस मिनिटांच्या 'टवाळकी'ने काढले. पुढच्या जयंतीला आम्हाला अर्धा तास द्या. डीजेच्या वेळातला द्या, भाषणाच्या नको. आणि पहिल्या रांगेत बसा.

जय भीम!