एका बाकावरचे परके

परदेशी विद्यार्थी शिकत असतील अशा प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत त्यांच्या स्वागतासाठी व साहाय्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सांगितले आहे. हेतू स्तुत्य आहे. तथापि दारावर पाटी लावल्याने परकेपणा ओसरत नाही. तो ओसरतो संवादाने, आणि संवाद आपोआप घडत नाही, घडवावा लागतो.

पुण्याचा अनुभव हेच सांगतो. फर्ग्युसन महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार यांना मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी पडून वसतिगृहात एकाकी असल्याचे आढळले. एक विद्यार्थिनी तेवढी खिडकीतून त्याला जेवण पोहोचवीत होती. वर्ग होता, ग्रंथालय होते. विचारपूस करणारी माणसे नव्हती. ही उणीव ओळखून त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी जे सांस्कृतिक केंद्र उभारले, त्यातून १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ ही संस्था उदयास आली.

भिवंडीच्या पालकाला हा प्रश्न दूरचा वाटेल. वस्तुतः तो त्याच्या दाराशीच आहे. उत्तर भारतातून आलेले विणकर, तेलुगू भाषक पद्मशाली, कोकणी मुसलमान, आगरी आणि इतर मराठी भाषक अशा अनेकांच्या घामावर हे यंत्रमागांचे शहर उभे आहे. त्यांची मुले मराठी, उर्दू, हिंदी अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळांत शिकतात आणि पुष्कळदा महाविद्यालयातच प्रथम एका बाकावर येतात. तेथे अडथळा परकीय भाषेचा असतो असे नव्हे. मराठी विद्यार्थी आपल्या ‘तुम्ही’ला स्मरून हिंदीत ‘तुम’ म्हणतो. ‘आप’ ऐकण्याची सवय असलेल्या उर्दू भाषकाला तो उद्धटपणा वाटतो. एकाने आदरच दाखविलेला असतो, दुसऱ्याला अनादर ऐकू येतो. खुलासा करण्याइतकी ओळख नसेल, तर अशा लहान गैरसमजांचेच पूर्वग्रह बनतात.

पूर्वग्रहांची किंमत भिवंडीने १९७० व १९८४ च्या दंगलींत मोजली आहे. त्यावरचा उपायही याच शहराने दाखविला. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने येथे मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. उभय समाजांची माणसे नियमित एकत्र बसू लागली, वस्तीतील रोजच्या अडचणी बोलू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. संकट आल्यावर जमलेल्या सभेने हे साधले नसते. ओळख आधीच झालेली होती.

महाविद्यालयांनी नेमका हाच धडा घ्यावयास हवा. वार्षिक स्नेहसंमेलनात निरनिराळे पोशाख मिरविणे म्हणजे संवाद नव्हे. प्रयोगशाळेतील गट मिश्र असावेत. नवागताला वर्षभर सोबत करणारा वरच्या वर्गातील विद्यार्थी नेमून द्यावा. अध्यापकानेही वर्गात मागे गप्प बसणाऱ्याला बोलते करावे. जुळवून घेण्याचा सारा भार आलेल्यावरच टाकणे अन्यायाचे आहे. यजमानानेही चार पावले पुढे आले पाहिजे.

भिवंडीतला विद्यार्थी उद्या परक्या देशातील विद्यापीठात जाईल, तेव्हा तो स्वतः नवागत असेल. शेजारच्या बाकाशी बोलायला तो येथेच शिकला असेल, तर ते अंतर त्याला फार वाटणार नाही.