हिवाळ्यात पोसाल तितक्याच गाई

सनद म्हटली की ती वरून खाली येणारी, राजाने रयतेस दिलेली, अशी आपली समजूत असते. जुन्या घरांच्या पेट्यांतून जपलेले कागद बहुधा त्याच जातीचे. स्वित्झर्लंडमधील ट्योर्बेल या खेड्याचा कागद मात्र निराळा आहे. १ फेब्रुवारी १४८३ रोजी गावकऱ्यांनी तो स्वतःच स्वतःसाठी केला. वरचे कुरण, रान आणि पडीक जमीन कशी वापरावी, हा त्याचा विषय.

हे गाव वालिस कॅंटनात, सुमारे पंधराशे मीटर उंचीवर आहे. वस्ती शेकड्यांत मोजावी एवढीच. पाऊस थोडा, उतार कठीण, हिवाळा लांब. शेते, द्राक्षमळे आणि वैरणीची राने ज्याची त्याची; उन्हाळ्यात गाई चरतात ते उंचावरचे कुरण मात्र सर्वांचे.

सामाईक ते बेवारशी, असे आपण सहज बोलून जातो. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हेच सिद्धान्तरूपाने मांडले. प्रत्येक जण आणखी एक जनावर सोडील आणि कुरणाचा अखेर नाश होईल, असा त्यांचा हिशेब. ट्योर्बेलकरांनी त्याचे उत्तर साडेचारशे वर्षे आधीच देऊन ठेवले होते. १५१७ सालचा त्यांचा नियम असा की, ज्याला जितक्या गाई हिवाळाभर पोसता येतील, तितक्याच त्याने कुरणावर न्याव्यात. या नियमाला मोजणीदार नको की कारकून नको; शेजाऱ्याची वैरण शेजाऱ्याला दिसतेच. गाई वर गेल्या की त्यांची मोजदाद होई आणि चीजची वाटणी त्या संख्येवर ठरे. कुरणाच्या वाटा दुरुस्त करणे, खत पसरणे हे श्रमही गाईंच्या प्रमाणातच. नियम मोडणाऱ्यास मुखत्यार दंड करी, आणि दंडाची निम्मी रक्कम त्याच्याच पदरी पडे. तेव्हा तो डोळेझाक कशाला करील? सरपणाचीही तीच तऱ्हा : खुणा केलेली झाडे मिळून तोडायची, सारखे ढीग घालायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या.

रॉबर्ट नेटिंग या मानववंशशास्त्रज्ञाने १९८१ साली या गावावर ग्रंथ लिहिला. पुढे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात हा दाखला घेतला. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा जगाने या विषयाकडे आदराने पाहिले.

येथवर सारे गोड आहे. पण कौतुक करणाऱ्यांनी दुसरी बाजूही वाचावी. त्याच १४८३ च्या कागदात असेही आहे की, परक्याने गावात जमीन घेतली तरी त्याला कुरणावर वा लाकडावर हक्क नाही. जमीन मर्यादित, म्हणून लग्ने उशिरा होत. कित्येक जन्मभर अविवाहित राहत, कित्येक गाव सोडून जात. आणि मताचा अधिकार शतकानुशतके पुरुषांचाच. स्विस स्त्रियांना देशाच्या कारभारात मत मिळाले ते १९७१ साली. कुरण हिरवे राहिले, त्याची किंमत अशी कोणी कोणी भरली.

म्हणून ट्योर्बेलचा गोडवा गाताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात असे मला वाटते. ज्यांना नियम पाळायचा त्यांनीच तो करावा, आणि जो जितके घेईल तितके त्याने राबावे, हा भाग घेण्याजोगा आहे. दार लावून घेण्याचा भाग मात्र गरजेतून आलेला आहे. त्याला सद्गुण म्हणू नये. ज्या गावाला ‘आपले कोण’ हे एकदा ठरवता आले, त्याला ते पुन्हा ठरवताही आले पाहिजे. कुरणाची राखण त्याने सुटणार नाही; राखणारे हात मात्र वाढतील.