गळा, पाय आणि पास

नवरात्र जवळ आले की गरब्याच्या पासांचे दर हा विषय निघतो आणि दरवर्षी तीच हळहळ व्यक्त होते. मैदानाचे भाडे वाढले, गायकांचे मानधन वाढले, बंदोबस्ताचा खर्च वाढला; तेव्हा सामान्य माणसाला परवडेल असा सामुदायिक नृत्याचा कार्यक्रम आता शक्य नाही, असे आयोजक सांगतात आणि सुशिक्षित मंडळी माना डोलावतात. आम्हाला हे मान्य नाही. खर्च खोटा आहे, असे आमचे म्हणणे नाही. तो नेमका कशाचा खर्च आहे, एवढेच आम्ही विचारीत आहोत. आणि हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्यास कारण आहे.

कराची तक्रार प्रथम बाजूला सारू. २०२२ साली गुजरातेत गरब्याच्या पासांवरील १८ टक्के वस्तू व सेवा कराविरुद्ध आंदोलने झाली, श्रद्धेवर कर बसवल्याची ओरड झाली. पण माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशमूल्याला या करातून सूट होती. ज्याला शंभराची नोटही जड जाते त्याच्या वतीने ही ओरड चाललेली नव्हती, हे उघड आहे.

आता मूळ रचना पाहा. मधोमध छिद्रे पाडलेला मातीचा घट, त्यात दिवा, भोवती फेर. एक बाई ओळ उचलते आणि फेरातल्या बाकीच्या ती झेलतात. गुजरातीत या क्रियेला 'झीलवुं' असाच शब्द आहे, आणि गरब्याचे सारे शास्त्र आमच्या मते या एका क्रियापदात आहे. जो नाचतो तोच गातो. शेरीतल्या गरब्याला गायक लागत नाही, कारण तेथे प्रत्येक जण गायक असतो; श्रोता लागत नाही, कारण गाणे दोन हातांवरच्या शेजारणीसाठी असते. लागतो तो एक ढोल, आणि त्याचे पैसे शेजारपाजार वर्गणीतून देतो.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आश्विनात पाटावर हत्ती काढून किंवा मांडून त्याभोवती धरलेला भोंडल्याचा फेर (कुठे तो हादगा, आणि विदर्भ-खानदेशातल्या भुलाबाईशी त्याचे जवळचे नाते) याच जातीचा आहे. त्यात तर ढोलही नाही. भोंडल्याची आर्थिक व्यवस्था एखाद्या अर्थशास्त्रज्ञाने अभ्यासावी इतकी चोख आहे : फेर आज या घरी, उद्या त्या घरी, ज्या घरी फेर त्या घराची खिरापत, आणि खिरापत ओळखण्याचा खेळ असा की, साधी वाटली डाळही झाकून आणली की तिची किंमत वाढते. आयोजक नावाचा प्राणी यात कोठेही नाही. पुढे वाडे पडले, अंगणे गेली आणि फेर इमारतीखालच्या वाहनतळावर किंवा भाड्याच्या सभागृहात आला, तेव्हा 'महाभोंडला' आणि त्याचे प्रायोजक अवतरले.

खर्च वाढू लागतो तो गळा आणि पाय यांची फारकत होते तेथून. गायक मंचावर चढला की तो हजारोंना ऐकू गेला पाहिजे, त्यासाठी ध्वनियंत्रणा, ध्वनियंत्रणेला साजेसे मैदान, मैदानाला कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकावर पास, आणि पास खपावेत म्हणून पुन्हा अधिक नामांकित गायक. हाही एक फेरच आहे, फक्त त्यात आपण नाचत नाही. खाली नाचणारी माणसे तोंड मिटून दुसऱ्याच्या गाण्यावर पावले टाकतात आणि आपल्या मौनाचे पैसे मोजतात. जिला आपण महागाई म्हणतो तिचा मोठा भाग या मौनाची किंमत आहे.

हे अटळ नव्हे, याचा पुरावा अलीकडचा आहे. करोनाच्या साथीत, २०२१ साली, गुजरात सरकारने व्यावसायिक गरब्यांना मनाई केली आणि जास्तीत जास्त ४०० माणसांच्या शेरी गरब्यांना परवानगी दिली. त्या नवरात्रात गरबा बंद पडला नाही. तो शेरीत आणि सोसायट्यांच्या आवारात परतला. पुढच्याच वर्षी मैदाने पुन्हा गजबजली आणि त्या एका वर्षाचा कोणी हिशेबही मांडला नाही. २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोने 'गुजरातचा गरबा' अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला, तेव्हा समाजाने जपलेली कला म्हणून त्याचा गौरव झाला. कोणत्या गरब्याचा तो गौरव, शेरीतल्या की फाटकाआडच्या, हे विचारण्याइतका वेळ अभिनंदनाच्या गर्दीत कोणाजवळ नव्हता.

साहित्याच्या अभ्यासकांचा संबंध येथे येतो. झवेरचंद मेघाणींनी १९२५ पासून 'रढियाळी रात'चे खंड काढले, आपल्याकडे सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीचे प्रचंड काम उभे केले. या मंडळींनी गाणाऱ्या बायकांकडे जाऊन गाणी मिळवली. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या अध्यापनाविषयी. भोंडल्याचे गाणे वर्गात शिकवले जाते ते सासर-माहेरच्या प्रतिमांचा तक्ता म्हणून. ते कितीदा झेलले जाते, ओळीच्या कोणत्या शब्दावर पाऊल पडते, लांबवता येणारे कडवे फेरात का लागते, याची चर्चा आमच्या वाचनात फारशी आलेली नाही. मंचाने पायांपासून गळा तोडला. अभ्यासक्रमाने गळ्यापासून शब्द तोडले. दोन्हीकडे कातरी एकच.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. शेरी म्हणजे बहुधा एका जातीची वस्ती. तिथला फेर स्वस्त होता, पण सर्वांसाठी खुला नव्हता. पैसे मोजून मिळणाऱ्या पासाने जात विचारली नाही. काका-मामांच्या नजरेआड मनसोक्त नाचण्याची सोय अनेक मुलींना मैदानानेच प्रथम दिली. स्मरणरंजनात रमलेले लोक हे सोयीस्करपणे विसरतात. पण म्हणून मैदानाला उदारमतवादी ठरवण्याची घाई नको. गेली काही वर्षे त्याच फाटकावर ओळखपत्रे तपासून धर्म पाहून प्रवेश द्या, अशी मागणी काही संघटना उघडपणे करीत आहेत. पासाची किंमत आहे तीच राहिली आणि तिचा एकमेव गुण तेवढा हिरावला जातो आहे. स्वस्त आणि खुला असा फेर शेरीनेही दिला नाही, मैदानही देणार नाही. तो कोणीतरी नव्याने धरावा लागेल.

स्वस्ताई ढोलवाल्याच्या पोटावर पाय देऊन यावी असे आम्हाला मुळीच वाटत नाही. त्याचे मानधन ठरलेले आणि रोख असावे. चाळीस माणसांत वाटले तर ते फार पडणार नाही. ध्वनिक्षेपक नसला की त्याची परवानगी नाही आणि भाडेही नाही. जागेचे म्हणाल तर महाविद्यालयांची प्रांगणे, सार्वजनिक वाचनालयांची आवारे संध्याकाळी सहानंतर बहुतेक ठिकाणी ओस असतात. लोकसाहित्याची अभ्यासपत्रिका शिकवणाऱ्या विभागांनी या आश्विनात आपल्याच प्रांगणात एक फेर धरावा, गाणी पाठ करून याव्यात, फाटक उघडे ठेवावे. अडचण असल्यास विभागप्रमुखांनी ती आम्हाला लेखी कळवावी. ध्वनियंत्रणेचे भाडे परवडत नाही, हे उत्तर मात्र ग्राह्य धरले जाणार नाही.