पार्किंग ज्याचं, वीज त्याची?

सौरऊर्जेची अडचण साधी आहे. ऊन दुपारी असतं आणि घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात ते सूर्य मावळल्यावर. म्हणून दुपारची वीज संध्याकाळपर्यंत कुठेतरी राखून ठेवावी लागते. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. घाटघरच्या २५० मेगावॉटच्या प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी वरच्या धरणात चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज तयार करतात. आता हेच काम शहरातल्या इलेक्ट्रिक वाहनांकडून करून घेण्याचा विचार जगभर चालू आहे. मोटार दिवसाचा बहुतेक वेळ उभीच असते. तिच्यात दुपारी वीज भरायची आणि रात्री त्यातली थोडी शहराला परत द्यायची.

कल्पना कागदावरची नाही. नेदरलँड्सच्या उट्रेख्ट शहरात वीज घेणारे आणि परत देणारे सार्वजनिक चार्जर २०१९ पासून आहेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या योहान क्रायफ स्टेडियममध्ये २०१८ साली निसान लीफ मोटारींच्या १४८ नव्या-जुन्या बॅटऱ्या एकत्र जोडून २८०० युनिटांचा साठा उभारला गेला. मोटारीसाठी थकलेली बॅटरीही एका जागी बसून बरीच वर्षं काम देते, हे त्यातून दिसलं.

तंत्र चालतं, याबद्दल वाद नाही. वाद असायला हवा तो फायदा कुणाच्या पदरात पडणार यावर.

शेती वगळता इतर ग्राहकांना सौर तासांत वीज किमान २० टक्के स्वस्त मिळावी, असं केंद्राच्या २०२३च्या नियमांत आहे. हेतू चांगलाच आहे. पण भर दुपारी वाहन चार्जरला लावून कोण बसू शकतो? ज्याची मोटार ऑफिसच्या तळघरात सावलीत उभी आहे, तो. इलेक्ट्रिक रिक्षावाला त्या वेळी रस्त्यावर प्रवासी शोधत असतो. तो घरी येतो रात्री, आणि त्याच्या गल्लीत वाहन लावायलाच जागा नसते, मग चार्जर कुठला? उद्या वीज परत देणाऱ्याला पैसे मिळू लागले, तर तेही सोसायटीत हक्काचं पार्किंग असलेल्यालाच मिळतील. चार्जर आणि वाहिन्यांचा खर्च मात्र सगळ्यांच्या बिलात वाटला जाईल. स्वस्त ऊन श्रीमंताच्या गाडीत आणि महाग रात्र गरिबाच्या मीटरवर, अशी ही वाटणी होईल.

ती टाळता येते. सुरुवात खासगी मोटारींपासून करूच नये. शाळेच्या बस दुपारी काही तास आणि संध्याकाळनंतर उभ्याच असतात. दुपारी भरायचं, रात्री द्यायचं, हे त्यांना सहज जमतं. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये २०२४ साली शाळांच्या ७४ इलेक्ट्रिक बस याच कामाला लावल्या गेल्या. रिक्षांसाठी बॅटरी बदलून देणारी केंद्रं हवीत. तिथे बॅटरी दुपारच्या उन्हावर भरेल, रिक्षा धावत राहील, आणि केंद्रात पडून असलेल्या बॅटऱ्या संध्याकाळी वस्तीला वीज देतील. निवृत्त बसच्या बॅटऱ्या भंगारात जाण्याआधी महापालिकेच्या दवाखान्यात, पाण्याच्या पंपावर बसवता येतील.

आणि एक अट लेखी हवी. प्रत्येक वेळी वीज भरताना-काढताना बॅटरी थोडी झिजते. ती ज्याच्या कर्जाच्या हप्त्यातून आली, त्याला त्या झिजेची भरपाई मिळाली पाहिजे. त्याच्या परवानगीशिवाय त्यातलं एक युनिटही काढता कामा नये. सकाळी सहाला रिक्षा सुरू झाली नाही, तर त्याचा दिवस बुडतो, शहराचा नाही.

धरणं बांधली तेव्हा पाणी कुणाचं, हे आपण उशिरा विचारलं. विस्थापितांच्या पिढ्यांनी त्याची किंमत मोजली. बॅटऱ्यांची धरणं अजून बांधायची आहेत. प्रश्न विचारायची वेळ हीच आहे.