छावणीचा कौल, छावणीचे मौन

मध्य प्रदेश विधानसभेतील ९९ क्रमांकाचा मतदारसंघ म्हणजे जबलपूर कॅन्टोन्मेंट. १९९३ पासून २०२३ पर्यंतच्या सातही विधानसभा निवडणुकांत येथून भारतीय जनता पक्षाचा उमेदवार निवडून आला आणि सातही वेळा विजयी उमेदवाराचे आडनाव एकच होते. पहिले चार विजय ईश्वरदास रोहाणी यांचे, नंतरचे तीन त्यांचे पुत्र अशोक यांचे. १९९३ आणि १९९८ मध्ये राज्यात दिग्विजयसिंह यांची काँग्रेस सत्तेवर आली, तरी छावणीने आपला कौल बदलला नाही. २०१८ मध्ये काँग्रेसने भोपाळ जिंकले व जबलपूर जिल्ह्यातील आठपैकी चार जागाही खेचून घेतल्या. शेजारच्या जबलपूर उत्तरमध्ये तर शरद जैन यांच्यासारखे मंत्री ५७८ मतांनी पडले. छावणी तेव्हाही जागची हलली नाही.

एवढ्यावरून या मतदारसंघाला भाजपचा बालेकिल्ला म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु येथील मतदार कोण, हे पाहिले की या निकालांतील विसंगती डोळ्यांत भरते. १८१७ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडून हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि नर्मदेच्या खोऱ्यावर नजर ठेवण्यासाठी येथे लष्करी तळ बसला. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना उभा राहिला आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना सुरू झाला. ‘शक्तिमान’ ट्रक बाहेर पडला तो या शेवटच्या कारखान्यातून. या तिन्हींच्या आधाराने रांझीसारखी उपनगरे वाढली. बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले कामगार, बंगाली व दाक्षिणात्य कारकून आणि तंत्रज्ञ, फाळणीनंतर आलेले सिंधी व्यापारी, सदर बाजारातील जुनी ख्रिस्ती व मुसलमान कुटुंबे, नागपूर राजधानी असतानाच्या मध्य प्रांतातून येथे स्थिरावलेली मराठी घरे आणि निवृत्तीनंतर येथेच राहिलेले सैनिक अशी ही वस्ती आहे. एका जातीच्या बेरजेवर येथे निवडणूक जिंकता येत नाही. रोहाणी स्वतः सिंधी. हिंदी पट्ट्यातील एखाद्या ग्रामीण मतदारसंघात हे आडनाव घेऊन सलग चार वेळा निवडून येणे जवळपास अशक्यच होते.

जबलपूरला परके आडनाव खपते, हा अनुभव लोकसभेचाही आहे. सेठ गोविंददास १९५२ पासून संसदेत होते. १९७४ मध्ये ते निवर्तल्यावर झालेल्या पोटनिवडणुकीत विरोधकांच्या संयुक्त आघाडीने शरद यादव या तुरुंगात असलेल्या विद्यार्थी नेत्याला उभे केले व निवडून आणले. जयप्रकाशांच्या आंदोलनाची ती पहिली मोठी निवडणूक-परीक्षा ठरली. पुढे १९८२ च्या पोटनिवडणुकीत, मग १९८९, १९९६ व १९९८ मध्ये बाबूराव परांजपे हे मराठी गृहस्थ भाजपतर्फे खासदार झाले. मधल्या काळात, १९८४ मध्ये, कर्नल अजय नारायण मुशरान हे निवृत्त लष्करी अधिकारी काँग्रेसतर्फे, तर १९९९ मध्ये जयश्री बॅनर्जी भाजपतर्फे निवडून आल्या. मराठी वाचकाला परांजपे यांचे अप्रूप वाटेल. जबलपूरकरांना ते कधी वाटले नसावे.

छावणीतील खरा पेच मात्र आडनावांचा नाही. या मतदारसंघात दोन प्रकारचे नागरिक राहतात. रांझीकडील मतदार महानगरपालिकेचे नगरसेवक व महापौर निवडतो. २०२२ मध्ये त्याने व उर्वरित शहराने काँग्रेसचा महापौर निवडला होता. ते महापौर फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले, ही गोष्ट वेगळी. सदर बाजारातील मतदाराला मात्र महापौर नाही. त्याचे गटार, त्याचा रस्ता, त्याच्या घराचा दुरुस्ती परवाना हे सारे कटक मंडळाच्या, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या, अखत्यारीत आहे आणि मंडळ संरक्षण मंत्रालयाच्या. मंडळाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी. लोकनियुक्त सदस्यांची मुदत संपली की कारभार अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि एक नामनियुक्त नागरिक यांच्याकडे जातो. देशातील बहुतेक कटक मंडळांच्या निवडणुका २०१५ मध्ये झाल्या होत्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये ५७ मंडळांच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि पुढच्याच महिन्यात ती अधिसूचना मागे घेण्यात आली. छावण्यांतील नागरी भाग वेगळे काढून जवळच्या पालिकांना जोडण्याचे धोरण हे त्यामागचे कारण होते. हिमाचलातील खास योलने त्याची सुरुवात झाली.

धोरण कदाचित योग्यही असेल. पण दरम्यान सदर बाजारातील माणसापुढे मतपेटी येते ती आमदाराची आणि खासदाराची. ज्या आमदाराला तो मत देतो, त्याला छावणीच्या जमिनीबाबत एक रेषही बदलता येत नाही. तरीही दार ठोठवायला तेवढे एकच घर उरते. रोहाणी कुटुंबाची पकड या पोकळीत घट्ट झाली आहे. अधिकार नसलेला पण सदैव भेटणारा लोकप्रतिनिधी, ही येथील राजकारणाची चाल आहे. ईश्वरदास २००३ ते २०१३ विधानसभेचे अध्यक्ष होते. म्हणजे दहा वर्षे या मतदारसंघाचा आमदार पदाच्या मर्यादेमुळे सभागृहात आपल्या मतदारांचे गाऱ्हाणे मांडूच शकत नव्हता. मतदारांनी ते कधी उणे मानले नाही. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी त्यांचे निधन झाले, मतदान अवघ्या तीन आठवड्यांवर असताना. उमेदवारी पुत्राकडे गेली आणि सहानुभूतीने पहिली निवडणूक सोपी केली. पुढच्या दोन निवडणुका मात्र सहानुभूतीच्या नव्हत्या.

काँग्रेसला येथे संधी मिळाली नव्हती असे नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. खमरियाचे निर्णय पुण्यात, तोफगाड्यांच्या कारखान्याचे कानपुरात आणि वाहन कारखान्याचे आवडीत होऊ लागले. डाव्या, काँग्रेसप्रणीत आणि भारतीय मजदूर संघाच्या अशा तिन्ही महासंघांनी विरोध केला होता व जुलै २०२१ मध्ये बेमुदत संपाची हाक दिली होती. केंद्राने जूनअखेरीस वटहुकूम काढून संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घातली. कामगार वसाहतींत जो असंतोष होता तो खरा होता. परंतु २०२३ मध्ये जिल्ह्यातील आठपैकी सात जागा भाजपला मिळाल्या, काँग्रेसकडे उरली ती लखन घनघोरिया यांची पूर्व जबलपूर. छावणीतही रोहाणी पुन्हा आले.

याचा अर्थ कामगारांनी कंपनीकरण मान्य केले, असा लावणे घाईचे होईल. अधिक संभाव्य कारण असे की कारखाना दिल्लीचा आणि आमदार भोपाळचा, ही विभागणी मतदाराच्या मनात पक्की आहे. पगार, निवृत्तिवेतन, अनुकंपा नोकरी यांचा हिशेब तो संघटनेच्या कचेरीत मांडतो, विधानसभेच्या केंद्रावर नाही. शिवाय भरती आटल्यामुळे कारखान्यावर थेट अवलंबून असलेली घरे पूर्वीइतकी राहिलेली नाहीत. वडील यंत्रावर होते तेथे मुलगा दुकानात किंवा पुण्या-बंगळुरात आहे. संघटनेचा शब्द त्या मुलापर्यंत पोहोचत नाही.

काँग्रेसने ही विभागणी मोडण्याचा गंभीर प्रयत्न केलेला दिसत नाही. निवडणूक आली की उमेदवाराचा शोध आणि पराभव झाला की पाच वर्षांची शांतता, असा क्रम राहिला. कटक मंडळाची निवडणूक रद्द झाली तेव्हा सदर बाजारात त्यावर आंदोलन उभारणे हा विरोधी पक्षासाठी तयार मुद्दा होता. त्यात आणखी एक धार होती. मध्य प्रदेशातीलच एका छावणीच्या प्रकरणात, बेकायदा बांधकामात राहणाऱ्यांना कटक मंडळाच्या मतदार यादीत स्थान नाही, असे न्यायालयांनी ठरवले आहे. विधानसभेच्या यादीला ही अट नाही. म्हणजे एकाच खोलीत राहणारा माणूस मुख्यमंत्री कोण व्हावा हे ठरवू शकतो, पण गल्लीचा सदस्य निवडू शकत नाही. नागरी भाग महानगरपालिकेत गेले तर ही मते प्रथमच नगरसेवक निवडतील आणि मग छावणीतील माणसाला आमदाराखेरीज दुसरे दार मिळेल. सात निवडणुका जिंकलेल्या घराण्याची कसोटी त्या वेळी सुरू होईल.