चेहऱ्यावरचे पत्ते

गेल्या डिसेंबरात आम्ही काही विद्यार्थी एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला गेलो होतो. टाय लावून आलेल्या पाहुण्या वक्त्यांनी सांगितले, की जो समोरच्याच्या नजरेला नजर देत नाही, नाक खाजवतो, बोटांशी चाळा करतो, तो काहीतरी लपवीत असतो, आणि मुलाखतीत असा उमेदवार पहिल्या मिनिटात ओळखू येतो. उदाहरण म्हणून त्यांनी मला उभे केले. मी खाली पाहत होतो. सभागृह हसले. मीही हसलो, दुसरे काय करणार?

चेहरा वाचण्याचे शिक्षण माझे त्या शिबिराच्या कितीतरी आधी झाले होते, आणि तेही आखाजीच्या पत्त्यांत, हे मला त्यांना सांगायचे होते. तिथे धीर झाला नाही, म्हणून इथे लिहितो.

आपल्या खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि पुरुषमंडळी लिंबाखाली घोंगडी अंथरून तीन पत्ती मांडतात. कायद्याने ते बरोबर नाही, १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि मी जुगाराची वकिली करायला बसलेलो नाही. पण लहानपणी आप्पांच्या पाठीमागे बसून जे पाहिले ते पाहिले.

हा खेळ पत्त्यांचा कमी आणि माणसांचा जास्त. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारांनी हाती येऊ शकतात. त्यांपैकी १६,४४० प्रकारांत साधी जोडीसुद्धा नसते. म्हणजे चारांतले तीन हात जवळजवळ रिकामे. मग रिकाम्या हाताने चाल कोण करतो आणि भरल्या हाताने कोण, एवढे ओळखणेच खेळात उरते. आपल्या तीन पत्तीचा थोरला नातेवाईक म्हणजे पोकर. त्या खेळात अशा खुणांना ‘टेल’ म्हणतात. माइक कॅरो या अमेरिकन खेळाडूने १९८४ साली त्यावर एक पुस्तकच काढले. त्याचे सूत्र असे, की ज्याचा हात कच्चा तो जोर दाखवतो आणि ज्याचा पक्का तो मरगळून बसतो. आमच्या लिंबाखाली हे पुस्तकावाचून माहीत होते. शेजारचे एक काका नोट घोंगडीवर आपटून टाकत, तेव्हा समजावे की हातात दुर्री, सत्ता आणि नव्वा. दुसरे एक जण जांभई देऊन “बघू आता” म्हणत, तेव्हा शहाण्याने पॅक व्हावे.

पुढे वर्गात सरांनी भरताच्या नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव शिकवले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. म्हणजे अंग ताठरणे, घाम फुटणे, काटा येणे, आवाज बदलणे, थरथर, रंग उडणे वगैरे. नटाला हे हातवाऱ्यांसारखे सहज आणता येत नाहीत, त्यासाठी मन एकाग्र व्हावे लागते, असे सर म्हणाले. सगळे उतरवून घेत होते आणि मी मनात मोजत होतो. आठांपैकी सहा मी घोंगडीवर पाहिले होते. (अश्रू घरी, आईच्या डोळ्यांत पाहिले. प्रलय अजून बाकी आहे.)

आप्पांची खूण त्यांच्या अंगठ्यात होती. डाव चालू असताना ते तळहातावर तंबाखू मळत. पत्ते रद्दी असले तर अंगठा फिरत राही. चांगले आले की अंगठा थांबे. त्यांना स्वतःला हे ठाऊक नव्हते. मला कळले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन, आणि आपल्याला मोठी विद्या मिळाली असे वाटून मी खूश होतो. मग एका आखाजीला माझे लक्ष समोर गेले. आप्पा ज्यांच्याकडे सालदार आहेत ते मालकही खेळायला बसत. ते आप्पांच्या तोंडाकडे पाहतच नव्हते. ते अंगठ्याकडे पाहत होते. अंगठा थांबला, मालक पॅक. अंगठा फिरला, मालकांची दुप्पट चाल. चांगल्या हातावर आप्पांना नुसता बूट मिळे आणि रिकाम्या हातावर सगळे जाई.

मालक वाईट माणूस नाहीत. फार मोठे नटही नाहीत. पण त्यांचा अंगठा का थांबत नसे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. डावात पाचशे रुपये असले तर त्यांच्या दृष्टीने ते मोटारसायकलचे पेट्रोल होते, आणि आमच्या दृष्टीने पंधरा दिवसांचा किराणा. ज्याला हरणे परवडते त्याचे अंग शांत राहते. लोक त्याला धैर्य म्हणतात, ‘पोकर फेस’ म्हणतात. मला वाटते, पत्ते वाचणारा शेवटी पत्ते वाचतच नाही. तो गरज वाचतो.

म्हणूनच त्या शिबिरातल्या विद्येवर माझा विश्वास नाही. आप्पांचा अंगठा कळायला मला चार आखाज्या लागल्या, आणि ती खूण फक्त आप्पांची होती. शेजारच्या काकांना ती लावली असती तर मी फसलो असतो. अनोळखी माणसाला एका मिनिटात ओळखण्याचा दावा संशोधकांनीही तपासला आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले, तर खरे-खोटे ओळखण्यात लोक शंभरातून ५४ वेळा बरोबर ठरले. नाणे उडवले तरी ५० येतात. २०१३ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांना पोकरच्या मोठ्या स्पर्धेतल्या चित्रफिती दाखवल्या. नुसते चेहरे पाहून त्यांना पत्त्यांचा अंदाज लागला नाही. पैसे पुढे सारणारे हात पाहून थोडा लागला. आमचे मालक हाताकडे पाहत होते ते उगीच नाही.

आणि खाली पाहण्याविषयी. थोरांसमोर मान खाली ठेवावी, असे मला घरात शिकवले आहे. तीच मान मुलाखतीच्या खोलीत लबाडीची खूण ठरणार असेल, तर आपल्यातल्या किती जणांना ते लबाड ठरवतील? आपल्या महाविद्यालयात घरातले पहिलेच असे बरेच जण आहेत. आम्हाला टाय बांधायला जरूर शिकवा, पण आमची भीती म्हणजे आमचा खोटेपणा, असे त्या खोलीत बसणाऱ्यांना शिकवू नका.

तीन पत्तीत यावर एक तोड आहे. पत्ते न पाहता खेळायचे, ब्लाइंड. पैसेही निम्मेच लागतात आणि अंगठ्याला काही ठाऊकच नसते, मग तो सांगणार काय? मी नववीत असताना आप्पांना हे सुचवले. ते म्हणाले, “तुले काय समजस?” पण पुढच्या वर्षी निम्मे डाव ब्लाइंड खेळले, आणि त्यानंतर पत्ते जवळजवळ सोडले. ते माझ्यामुळे की आईमुळे, ते घरात कोणी बोलत नाही.

पण सालाच्या बोलणीत ब्लाइंड खेळता येत नाही. आपल्याकडे सालदाराचे वर्ष आखाजीला सुरू होते. घोंगडी उचलली, की त्याच लिंबाखाली वर्षाची मजुरी ठरते, तेच दोघे समोरासमोर बसून. घरात किती पोती धान्य आहे, उचल किती फेडायची आहे, हे आप्पांना पाठ असते आणि अंगठ्यालाही. मालक आकडा सांगत, अंगठा थांबे, आणि आकडा तिथेच राही.

गेल्या आखाजीला मी आप्पांना म्हणालो, तंबाखूची चंची घरी ठेवा. त्यांनी ऐकले. बोलणीच्या वेळी मी शेजारी बसलो. मालकांनी आकडा सांगितला आणि सवयीने आप्पांच्या हाताकडे पाहिले. हात गुडघ्याखाली होते. मग ते माझ्याकडे वळले आणि आप्पांना म्हणाले, “तुन्हा पोऱ्या काय म्हनस?”

मी काहीच म्हणालो नाही. मी खाली पाहत होतो. मालकांनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग पाच हजार वाढवले. आप्पा “हो” म्हणाले. घरी पोचेपर्यंत ते काही बोलले नाहीत. दारात पाय टाकला आणि आधी चंची मागितली.